चांगुणाबाईंच्या हाताखालचा ठोकळा

सन २०२४, फाल्गुन पौर्णिमा. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. अंबरनाथला आमच्या गल्लीत होळी रचली होती आणि त्या ढिगात मी होतो. मी सागाचा ठोकळा बोलतोय. विटेएवढा आहे, पण विटेसारखा ठिसूळ नाही.

आधी मी चाळीतल्या एका दाराची चौकट होतो. चाळ पाडली, तिथे टॉवर उठला. चौकटीचा लांब माल उल्हासनगरच्या बाजारात गेला. उरलो मी, अंगात बिजागरीचा तुटका स्क्रू घेऊन. कोणीतरी उचलून होळीवर टाकलं. तेव्हापासून कोणी हात लावला की मी आधी विचार करतो, हा कशाला?

पेटवायच्या आधी चांगुणाबाई आल्या. ते दार त्यांचंच. ढिगात हात घालून त्यांनी मला ओढून काढलं.

"अहो काकू, होळीचं लाकूड परत घेत नाहीत!" होळी रचणारा एक पोरगा ओरडला.

"माझ्या दाराचं आहे. टाकताना मला विचारलं होतंस?"

घरी शंकररावांनी मला खालीवर पाहिलं. ते त्यांचे यजमान, आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर.

"ह्याचं काय लोणचं घालणार?"

"ह्याला पाठ टेकून तुमच्या सेकंड शिफ्टची वाट बघितलीय मी."

मला पटलं नाही. एवढ्यासाठी कोणी लाकूड वाचवत नाही. पुढे काम काढणार, हे मी ओळखलं.

काम निघालंच. बाईंची कंबर आखडली होती. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. व्यायाम करा, पण पडू नका. पडलात तर खाट धराल. मग त्या टॉवरच्या गच्चीवर तेजलच्या योगवर्गाला जायला लागल्या. सोबत मी, पिशवीत.

तिथे एक आसन होतं. उभं राहून दोन पायांत अंतर ठेवायचं, कमरेतून वाकायचं आणि छाती एका बाजूला वळवायची. एक हात खाली, एक वर. मला तिथेच संशय आला. पीळ पडलेलं लाकूड सुतार बाजूला फेकतो. ही माणसं मुद्दाम पीळ घेत होती.

पण तेजल सावध होती. "काकू, जमिनीला हात लागलाच पाहिजे असं नाही. ठोकळ्यावर ठेवा. झटका द्यायचा नाही. श्वास सोडत थोडंच वळा. दुखलं की थांबा, चक्कर वाटली तर खाली बघा."

बाईंनी हात माझ्यावर ठेवला, पण भार दिला नाही. त्यांचाही माझ्यावर विश्वास नव्हता. ते मला आवडलं.

श्रावणात गच्ची ओली झाली, म्हणून वर्ग खालच्या हॉलमध्ये आला. त्याच सुमारास शंकररावांना माझा पुळका आला. मला पॉलिश पेपरने घासलं, वर पॉलिश चढवलं. स्क्रूवरही कानस फिरवत होते, तेवढ्यात चहाला हाक आली. स्क्रू केसभर बाहेर राहिला.

"आता बघ कसा चकचकीत!"

चकचकीत म्हणजे निसरडा. मला हे कळत होतं. आयुष्यभर लोखंड कातलेल्या माणसाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः हॉलमध्ये आले, आपलं काम सगळ्यांना दिसावं म्हणून. बाई मला चटईवर ठेवायला लागल्या, तर म्हणाले, "चटईवर नको. तिच्या रबराचा डाग पडेल पॉलिशला." बाईंनी मला बाहेर, गुळगुळीत लादीवर ठेवलं. तेजल पाठमोरी होती.

बाई वाकल्या, हात माझ्यावर ठेवला, छाती वळवली. वर बघितलं आणि त्यांचा तोल गेला. सगळा भार माझ्यावर आला.

मी सरकलो.

"अगं!" शंकरराव ओरडले. ते पोचेपर्यंत बाई पडल्या असत्या.

लादीच्या सांध्यात माझ्या बुडाचा तो केसभर स्क्रू अडकला. मी थांबलो. वरचं वजन ओळखीचं होतं. चौकटीला टेकून वाट बघणारं.

"खाली बघा काकू," तेजल धावत आली. "श्वास घ्या. आधी छाती सरळ करा. आता हळू वर या."

बाई उभ्या राहिल्या. शंकररावांनी माझ्यावरून बोट फिरवलं. "ते पॉलिश..." ते म्हणाले.

"आधी उचला त्याला," बाई म्हणाल्या, "आणि चटईवर ठेवा."

त्यांनी मला ठेवलं.

होळीतून काढल्याचं देणं मी फेडलं.