एक वीत, चार बोटं

मी एअरबॅग बोलतेय. नऊ वर्षं मी एका छोट्या लाल गाडीच्या स्टिअरिंगच्या पोटात, हॉर्नच्या झाकणाखाली घडी होऊन बसले होते. लोक माझ्या टाळक्यावर हात आपटून हॉर्न वाजवायचे, पण आत कुणी राहतं याची त्यांना आठवणही नसायची. त्याची मला तक्रार नव्हती. माझं काम आयुष्यात एकदाच करायचं असतं. ते चुकवायचं नाही, एवढं मी पहिल्यापासून ठरवलं होतं.

एका लांबलचक शेडमध्ये घट्ट विणीच्या नायलॉनचे दोन गोल तुकडे जोडून मला शिवलं. पाठीला दोन भोकं ठेवली. मग मी घडी घालणाऱ्या बाईकडे गेले. एक घडी वाकडी पडली तर ती सगळी उलगडून पहिल्यापासून घालायची.

"अगं, आत कोण बघायला जाणार आहे?" शेजारची म्हणाली.

"बघणार कोणी नाही. पण वेळेला अडकली तर?" असं म्हणून तिने मला चौथ्यांदा उलगडलं. माझ्यातला हट्ट तिच्याच हातचा आहे.

माझी मालकीण गुरांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणत. उंचीला एवढीशी, गमबूट चढवले की अर्धी त्यातच जायची. पण अडलेल्या गाईपुढे बाह्या सरसावून बसली की धिप्पाड माणसंही गुमान तिचं ऐकत. नवरा मात्र ताडमाड. त्याने गाडी नेली की दुसऱ्या दिवशी ती पुटपुटत सीट पुढे ओढायची.

घोडं तिथेच अडत होतं. बॉनेटपलीकडचा रस्ता दिसावा म्हणून ती स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकून बसायची. पुढे पाठ दुखायला लागली. तेव्हा तिच्या मावशीने कापूस ठासून भरलेली, कडेला झालर लावलेली एक उशी पाठीमागे ठेवायला शिवून दिली. उशीने पाठीला आराम पडला आणि बाई माझ्या आणखी जवळ आली.

मला धडकी भरली. मी जत्रेतल्या फुग्यासारखी सावकाश फुगत नाही. आतली गोळी पेटते, वायू सुटतो आणि पापणी लवायच्या आत मी झाकण फाडून बाहेर येते. पहिल्या काही बोटांच्या अंतरात माझा नुसता तडाखा असतो. त्यापुढे माझी उशी होते. म्हणजे जिला वाचवायचं, तिच्याच बरगड्या माझ्या हातून मोडायच्या. हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

एकदा ती फाटकाच्या खांबाला हळूच धडकली. बंपर चेपला, मी जागची हलले नाही. तिचा दीर बघायला आला आणि म्हणाला, "वहिनी, तुमची एअरबॅग फुसकी निघाली."

मला राग आला. अहो, गिअरच्या दांड्याखाली एक डबा बसलाय. धक्का किती जोराचा, कुठून आला, हे तो मोजतो. समोरून जबर धडक बसली तरच तो मला हाक मारतो. मागून कुणी ठोकलं, चाक खड्ड्यात आपटलं, खांबाला गाल घासला, तर तिथे सीटबेल्ट पुरतो. तो माझा थोरला भाऊ. त्याने माणसाला आधी धरून ठेवलं नाही, तर मी उघडेपर्यंत माणूस माझ्या अंगावर येऊन आदळतो. एकटीच्या जिवावर मी काही करू शकत नाही, हेही सांगून टाकते.

बंपर दुरुस्त करायला गाडी गॅरेजात गेली. मेकॅनिककाका तोंडाचे फटकळ. बाई गाडी न्यायला आली, सीटवर बसली आणि ते दारातच थबकले.

"बाई, गाडी चालवताय की स्टिअरिंगला मिठी मारताय?"

त्यांनी अंगठा माझ्या झाकणावर टेकवला आणि करंगळी तिच्याकडे पसरली. वीत पुरती उघडायला जागाच नव्हती.

"छातीपर्यंत एक वीत आणि वर चार बोटं जागा पाहिजे. माझी वीत, तुमची नव्हे. ही बया उघडली तर खेळ नाही."

"मग मला रस्ता कसा दिसणार?"

"उशी पाठीमागून काढा. बुडाखाली घ्या, म्हणजे उंची मिळेल आणि सीट मागे सरकेल. पण ही नको, फार मऊ आहे. पट्ट्याखालून घसराल. पातळ, घट्ट काहीतरी घ्या."

मला नसलेलं तोंड त्या माणसाला होतं. काकांनी सीट मागे सारली, स्टिअरिंग जरा खाली केलं. बाईने जाड चादरीची घट्ट घडी खाली घेतली. पाय पोचत होते, रस्ता दिसत होता.

घरी मावशी रुसली. "पाठीसाठी शिवली होती मी. आता म्हणे मऊ आहे." नवी शिवायला तिने साफ नकार दिला. बाईने वाद घातला नाही, पण चादरही काढली नाही. रोज पट्टा लावला की ती वीत मोजायची. तिची वीत लहान, म्हणून चार बोटांऐवजी आठ धरायची.

मग ती दुपार आली. कुणाची तरी गाय अडली होती, बाई घाईत होती. वळणावर पाइपांनी भरलेला टेम्पो समोरून थेट आमच्या बाजूला घुसला. तिने ब्रेक दाबला. थोरल्याने तिला धरलं. डब्याने हाक मारली.

मी उघडले. एकही घडी अडकली नाही. मी पुरती फुगले आणि मगच तिचा चेहरा माझ्यात आला. पाठीच्या भोकांतून वायू सोडत मी तिला हळूहळू थांबवलं. त्या एका क्षणासाठी मी नऊ वर्षं थांबले होते. मला फार आनंद झाला.

माझ्या घड्यांतली पांढरी भुकटी गाडीत उडाली. टेम्पोवाला धावत आला. "ताई, धूर निघतोय, बाहेर या!"

"आग नाही ही," ती खोकत म्हणाली. मनगट भाजलं होतं, नाक सोललं होतं. "फोन द्या. गाय अडलीय, दुसऱ्या डॉक्टरला पाठवायला हवं."

गाडी पुन्हा उभी राहण्यासारखी उरली नाही. मी उघडले की माझी परत घडी होत नाही. काकांनी मला कापून काढलं आणि भंगारात टाकणार, तेवढ्यात मावशी आली. तिने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं.

"कापड घट्ट आहे," ती म्हणाली. "टाकू नका. मी नेते."

तिने मला तीनदा धुतलं, चौपदरी दुमडलं आणि पातळ, कडक बैठक शिवली. झालर लावली नाही. आता नव्या गाडीत मी बाईच्या खाली असते. समोरच्या स्टिअरिंगमध्ये दुसरी कुणी घडी होऊन बसलीय. माझ्यासारखीच, गप्प.

तुमच्याही स्टिअरिंगमध्ये ती आहे. पट्टा लावा आणि वीत मोजा. आमच्याकडे रोज मावशी फाटकाशी उभी राहून विचारते, "मोजलीस का गं?" उत्तर आल्याशिवाय ती फाटक उघडत नाही.