तिसऱ्या तारेवरचं थांबणं

रविवारी दुपारी सव्वातीनला मुलीची फाइल फोनवर आली. नेहमीच्या धुनेचा गिटारवरचा ऱ्हिदम, म्हणजे मागची ठेक्याची साथ, आणि सोबत एक ओळ : "यावर लीड वाजवून पाठवा. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ बापाला ठाऊक होता. पुढच्या महिन्यात ती रजेवर घरी येणार आहे. त्यातली एक संध्याकाळ दोघांनी कालव्याकाठच्या उपाहारगृहात वाजवावं, असं तिथल्या मालकाने सुचवलंय. लीड ऐकून ती हो-नाही ठरवणार. पूर्वी दर शनिवारी ते दोघे तिथे गिटारवर जिप्सी जॅझ हे जलद युरोपीय संगीत वाजवत. लीड, म्हणजे मुख्य सुरावट, बापाकडे, ऱ्हिदम मुलीकडे. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती म्हणाली होती, "बाबा, तिसऱ्या तारेवर तुम्ही दर वेळी मागे पडता आणि मी थांबते. लोकांना कळत नाही, पण मला कंटाळा आलाय." त्यानंतर दोघे एकत्र वाजवायला बसलेले नाहीत. घरात तिसरं माणूस आधीपासूनच नव्हतं. आता दुसरंही नाही.

मागे पडण्याचं कारण करंगळी. बाप चष्म्याच्या दुकानात कारागीर आहे. फ्रेमचा बारीक स्क्रू बसवायचा तर करंगळी कशावर तरी टेकवावी लागते, नाहीतर स्क्रूड्रायव्हर थरथरतो. इतक्या वर्षांत ती दिसेल तिथे टेकायला शिकली. गिटार हातात घेतली की तारांखालच्या फळीवर जाऊन रोवायची. या वादनात ते चालत नाही. उजवं मनगट वाकवून पंजा तारांवर मोकळा ठेवायचा, हाताचा आधार फक्त कोपरापाशी. पिकने, म्हणजे तार छेडायच्या चपट्या पातीने, वरून खाली आघात करायचा, म्हणजे ती पुढच्या तारेवर जाऊन विसावते. तार बदलली की पहिला आघात पुन्हा खालीच, आधीचा खाली झालेला असला तरी. म्हणून पातळ तारेवरून जाड तारेकडे येताना पंजा झटकन वर उचलावा लागतो. करंगळी रोवलेली असली की तो अडकतो. त्या धुनेत तो तिसऱ्या तारेवर अडकायचा.

मुलगी गेल्यावर त्याने चष्मे पुसायचं एक फडकं घरी आणलं. घडी करून करंगळीच्या बेचक्यात धरायचं आणि वाजवायचं. बोट टेकायला गेलं की फडकं पडायचं. पडलं की धून पहिल्यापासून. रोज सकाळी, दुकानात जायच्या आधी. हळूहळू फडकं पडेनासं झालं. दुकानात मात्र स्क्रू पडू लागले.

"हात हवेत कशाला धरलाय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. "विमान उतरवताय का?"

"सवय लागलीय."

"मग उतरवा एकदाचं. गिऱ्हाईक आंधळं बसलंय बाहेर."

रविवारी त्याने फाइल लावली आणि वाजवलं. हात मोकळा होता, पिक तारेवरून तारेवर पडत होती, तिसरी तार वेळेत आली. ऱ्हिदम मात्र तिथे जरासा रेंगाळला. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. त्याने जसं झालं तसं रेकॉर्ड करून पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, आता तुम्ही घाई करताय."

"मी नाही. तू थांबतेस."

"मी कशाला थांबू? तुम्ही समोर तरी होतात का?"

"तेच म्हणतोय. मी नव्हतो तरी थांबलीस."

"काहीतरीच."

"ठोका लावून ऐक. तिसऱ्या तारेपाशी."

तिच्या मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"ठोका लावूनच वाजवायचं तर मशीन घ्या ना बाबा. तीही थांबत नाही."

"मशीनबरोबर नाही वाजवायचं मला."

"जेवलात का?"

"जेवतो."

"ऐकते पुन्हा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने फाइल परत लावली. या वेळी फडकं बाजूला ठेवलं, मनगट सरळ केलं, करंगळी फळीवर टेकवली. गेलं वर्षभर जे मोडायला झटला तेच त्याने वाजवलं. तिसऱ्या तारेवर पंजा अडकला, ऱ्हिदम थांबला, आणि दोघे बरोबर एका ठोक्यावर उतरले. शेवटपर्यंत कुठेच खोट नव्हती. हे पाठवलं असतं तर ती वाजवायला आली असती, असं त्याला वाटलं. ते त्याने रेकॉर्ड केलं नाही. गिटार पेटीत ठेवली आणि जेवण गरम करायला उठला.

सोमवारी आणि मंगळवारी तिचा फोन आला नाही. त्यानेही केला नाही. बुधवारी दुकानात तो एका फ्रेमला दांडी बसवत असताना बाईंनी वाकून पाहिलं.

"विमान उतरलेलं दिसतंय."

करंगळी फ्रेमवर टेकलेली होती. त्याने ती उचलली. स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधायला दोघेही वाकले.

दुपारी मुलीचा संदेश आला. "ऐकलं. थांबते खरी."

वाजवायला येण्याबद्दल त्यात काही नव्हतं. नवी फाइलही नव्हती. उपाहारगृहाच्या मालकाने त्याच संध्याकाळी फोन करून विचारलं, दोघांचं नाव लावू की एकट्याचं? बाप म्हणाला, उद्या सांगतो.

गुरुवारी दुकान बंद होईपर्यंत त्याने मालकाला काही कळवलेलं नव्हतं.