कुलूपतोड्याचं कुलूप

वकीलबाईंच्या धाकट्या भावाला गेमचे कन्सोल हॅक करण्याचा नाद होता. कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तो तोडायचा आणि वर छाती फुगवून सांगायचा, "ताई, विकत घेतलेली वस्तू आपली. तिच्यात काय चालवायचं ते ठरवणारी कंपनी कोण?" कंपनी सुरक्षेचं कारण पुढे करायची, तेव्हा तो नाक मुरडायचा. बाईंना त्याचं म्हणणं पटायचं. एका खटल्यात त्यांनी ते कोर्टापुढे मांडलंही होतं.

एके दिवशी तो तणतणत त्यांच्या ऑफिसात आला. कुलूप तोडायचा त्याचा प्रोग्राम कुणीतरी उघडला होता आणि फेरफार करून सगळ्यांना वाटून टाकला होता.

"मी त्याला लॉक घातलं होतं, ताई. चोर आहेत सगळे. नोटीस पाठव."

"लॉक कशाला घातलंस?"

"सुरक्षेसाठी. लोक वाटेल ते घुसडतात त्यात."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. कंपनीची माणसं निदान पगार घेऊन हे बोलतात. हा दिवटा फुकटात बोलत होता.

"कंपनीचे वकील गाठ," त्या म्हणाल्या. "त्यांना हे भाषण पाठ आहे."

आणि त्यांनी पुढच्या अशिलाला आत बोलावलं.