छत्तिसापैकी नऊ

संगणक कधीही खोटं बोलत नाही. हे वाक्य नारायण पेठेतल्या रामदासपंतांच्या वधूवर सूचक मंडळात भिंतीवर लावलेलं होतं, आणि त्याच्या भरवशावर माणसांची ठरत आलेली लग्नं मोडत. वाक्याखाली सही रामदासपंतांचीच होती.

पंत गेल्या वर्षी गेले. मुलगा शुभंकर जागा विकतोय. "अहो, जुना कॉम्प्युटर तेवढा घेऊन जा," तो म्हणाला. "चालू आहे. म्हणजे, वडील होते तोवर होता." मला जुन्या यंत्रांचा नाद आहे, घरी आणखी एक आलं. पद्मजाताई, माझी थोरली बहीण, बघून एवढंच म्हणाली, "ह्याच डब्याने माझे गुण काढले होते ना?"

ह्याच डब्याने. तीसेक वर्षांपूर्वी उत्तरेश्वर नावाचा मुलगा ताईला बघून गेला. तिला तो आवडला, हे पोह्यांच्या बश्या आत नेताना तिच्या चालण्यावरूनच कळलं. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. असा निरोप आला की जग काय ते समजून घेतं. आमचे बाबा मात्र इंजिनिअर. ते पडताळा बघायला पंतांकडे गेले आणि छापील कागद घेऊन आले: छत्तिसापैकी नऊ. विषय मिटला. ताईने पुढचं एकही स्थळ बघितलं नाही. "त्याची काही चूक नव्हती रे," ती म्हणायची, "ग्रहच आडवे आले." ह्या एका वाक्यावर तिने बँकेतली नोकरी, आईबाबांची आजारपणं आणि स्वतःची निवृत्ती निभावून नेली.

हार्ड डिस्क घरघरत उठली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि गुणमेलनाचा प्रोग्रॅम जसाच्या तसा. गंमत म्हणून मी माझी आणि बायकोची जन्मवेळ घातली. नऊ. आईबाबांची घातली. नऊ. शेवटी सोसायटीच्या चेअरमनचं चेअरमनशीच लग्न लावून पाहिलं. नऊ.

शेजारीच माहितीची फाइल होती, इंग्रजीत. ही मोफत नमुना प्रत आहे, उत्तर कायम नऊ येईल, खऱ्या उत्तरासाठी प्रत विकत घ्यावी. छापील कागदाच्या तळाशीही हीच सूचना येईल, असं खाली लिहिलं होतं. मी शुभंकरला फोन लावला.

"तळाशी? वडील कागद मधून कापायचे. एका पानात दोन गिऱ्हाइकं बसायची."

"आणि सगळ्यांना नऊच येतात, हे त्यांच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं की. म्हणायचे, हल्लीची पिढीच तशी."

मी हसत फोन ठेवला. ताई मागे उभी होती, हे तेव्हा कळलं.

"म्हणजे ते नऊ खरे नव्हते," ती म्हणाली.

"कुणाचेच नव्हते."

"म्हणजे आडवं काहीच आलं नव्हतं." ती बसली. "त्याला सांगायला हवं. इतकी वर्षं त्यालाही तसंच वाटत असेल."

"ताई, आता कशाला?"

"बायको गेली त्याची. वाघोलीला टाइल्सचं दुकान आहे."

हे तिला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. नंबरही तिच्याकडे होता, 'टाइल्स' ह्या नावाने. फोन लावण्याआधी तिने आत जाऊन केस नीट केले.

तिला अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिने सगळं क्रमाने, बँकेतल्यासारखं समजावून सांगितलं. उत्तरेश्वरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सभ्य माणूस.

"नारायण पेठेतल्या मंडळाकडून आलेलं स्थळ ना? हो, हो. पोहे छान होते," ते म्हणाले. "पण ताई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आमच्या घरात पत्रिका कधी कुणी बघितलीच नाही. मला तर माझी जन्मवेळही माहीत नाही, मंडळात अंदाजाने सांगितली होती. मुलगी पसंत नसली की आई तसं कळवायची. उगाच कुणाला वाईट वाटायला नको, म्हणून."

"बरं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग डब्याकडे बघत तिने विचारलं, "आनंद, हे भंगारात घेतात का रे?"

घेतात. वजनावर.