बसून वाजवलेल्या टाळ्या

नाट्यगृहातल्या खुर्चीत बसताना प्रीतीने दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला. तिचे वडील, कुंडलिक, शेजारच्या माणसाला इथला बटाटावडा कसा असतो ते विचारत होते, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

"आपल्यात पोरी अशा पाय वर करून नाचत नाहीत," या एका वाक्यावर पप्पा सहा वर्षं अडून बसले होते. प्रीती तरीही हट्टाने डोंबिवलीच्या बॅले क्लासला जात राहिली. महिन्यापूर्वी गुडघा गेला. आता नाचणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले ते फक्त तिला आणि आईला ठाऊक होतं. पप्पांना पाय मुरगळला होता, आता बरा आहे, एवढंच सांगितलेलं. लेक तेव्हापासून घरात बोलेनाशी झाली, तेव्हा पप्पांनी परस्पर या बॅलेच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली आणि तिला विठ्ठलवाडीहून ठाण्याला घेऊन आले.

पहिला नाच आधुनिक होता. राखाडी कपड्यांतली माणसं रंगमंचावर लोळत होती.

"यांचं पोट दुखतंय का गं?"

"पप्पा, हळू बोला ना."

मध्यंतरानंतर जुन्या पद्धतीचा बॅले सुरू झाला. पांढऱ्या झग्यातली एक मुलगी पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि तशीच गिरक्या घेत गेली. कुंडलिक हातातला वडा विसरून पुढे सरकले. गिरक्या थांबल्या तशी त्यांनी नाटकाला आल्यासारखी आरोळी ठोकली, "वन्स मोअर!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

"तुला येतं हे?"

"यायचं…" प्रीती अडखळली. "येतं."

"मला काय माहीत, हे असलं असतं! आता तू शीक बाळा, कुठे जायचंय तिथे जा. मी आडवा येणार नाही."

या शब्दांसाठी ती सहा वर्षं झुरली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तिला ओरडून रडावंसं वाटलं.

कार्यक्रम संपला. सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. कुंडलिक सगळ्यांच्या आधी उठले होते. प्रीतीने खुर्चीचे हात धरून जोर लावला, पण आखडलेला गुडघा हलेना. ती बसूनच टाळ्या वाजवत राहिली.

पप्पांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"उठत पण नाहीस. अजून राग आहे ना माझ्यावर?"

प्रीतीने त्यांच्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवून त्यांचे तळहात लाल झाले होते.

"हो," ती म्हणाली. "आहे."

कुंडलिक तिच्या शेजारी टेकले. त्यांना जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"असू दे गं. राग काय, जातो."