कुठले पंडित?

मराठी मंडळाच्या नीलांबरी काकूंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठले पंडित तुम्ही? कोकणातले की देशावरचे?"

पंडित हे माझं नाव, आडनाव नव्हे, हे तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नागपूरचा." बाकीचं काकूंनी मनानेच भरून घेतलं आणि मी भरू दिलं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये मी नवा होतो. मंडळाच्या दिवाळीत मला फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवायचं होतं, तेही ल्युक काकांसोबत.

ल्युक काका माझे गुरू, ॲन आर्बरला राहतात. वय ब्याऐंशी, आजोबा कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्यूबेकहून आलेले. खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरतात आणि वर गज चालवतात. बायको गेल्यापासून त्यांनी चार लोकांत वाजवलं नव्हतं. माझ्यासाठी तयार झाले.

त्यांची लाडकी धून मूळची स्कॉटलंडची. क्यूबेकच्या लोकांनी तिला फ्रेंच नाव दिलं, एक मात्रा जास्तीची घातली. "ती आमचीच झाली," काका म्हणायचे, "पण कुणाकडून आली हे आधी सांगायचं. न सांगता वाजवली तर ती चोरी."

तालमीला काका खोकल्यामुळे आले नाहीत. मी एकटाच माइकपाशी उभा राहिलो. स्कॉटलंड सांगितलं, क्यूबेक सांगितलं, दोन्ही नावं सांगितली, आणि चोरीपाशी जीभ अडली. तीन महिने मी काय करत होतो?

"आणि पंडित हे माझं नाव," मी म्हणालो. "आडनाव खोब्रागडे."

"अय्या!" समोर बसलेल्या काकू हसल्या. "पण आम्ही तसलं काही मानत नाही हं."

मी कुठे विचारलं होतं?

तिसऱ्या दिवशी समितीच्या शंतनूचा मेसेज आला. "सॉरी यार, टाइम कमी पडतोय. तुमचा आयटम कॅन्सल केला. पार्किंगला दोन माणसं हवीत, जमेल का?"

नाचाचे अकरा आयटम तसेच होते. अडचण होती ती आमच्या चार मिनिटांची. तळपायाची आग मस्तकात गेली. शंतनूपेक्षा मला स्वतःचाच राग जास्त आला. त्या खोट्या आडनावावर मी तीन महिने काकूंच्या घरचे लाडू खाल्ले होते.

ल्युक काकांकडे गेलो, तर दारामागे इस्त्रीचा पांढरा शर्ट टांगलेला. कार्यक्रम गेला म्हणून सांगितलं. ते बराच वेळ गजाला राळ घासत राहिले.

"धून आवडली नाही का त्यांना?"

"धून ऐकलीच नाही. नाव खटकलं."

"कुठलं? स्कॉटिश की आमचं फ्रेंच?"

"माझं."