डमी मजकूर

क्लासवाले वेबसाइटसाठी सगळं वेळेवर देतात. टॉपरचे फोटो, फीचा तक्ता, हॉस्टेलच्या खाटा. 'आमच्याबद्दल' या पानाचा मजकूर तेवढा कधीच देत नाहीत. मग तिथं मी डमी मजकूर टाकतो. काहीबाही ओळी, जागा किती लागते ते दिसावं म्हणून. खरा आला की डमी काढायचा.

डमी हा शब्द मला नवा नव्हता. बारावीला माझं नाव औशाच्या एका कॉलेजात होतं आणि मी लातूरला क्लासात बसलेलो. डमी ॲडमिशन म्हणतात त्याला. मेडिकलची परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटलो. मग नांदेडला एका नेट कॅफेत लागलो, तिथंच वेबसाइट करायला शिकलो. शिकवलं कुणी न्हाई. आता अकरा क्लासच्या साइट माझ्या हातच्या हायत. ज्या धंद्यानं मला नापास केलं, त्याचंच तोंड रंगवून राहिलो.

अंबरीश सरांचा बायॉलॉजीचा क्लास नांदेडात मोठा. वडील हेडमास्तर, काका वकील. त्यांचं पान महिनाभर रिकामं होतं. एका दुपारी मी त्यात माझंच टाकलं. का, ते माहीत नाही. लिहिलं की त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळून माझी बहीण रुद्राणी गेली. ती सात वर्षांची, मी पाच. वडलांनी, शिवप्पांनी, तिला हातानं उकरून काढलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस बसवून पुरतात, तळहातावर लिंग ठेवून. पण पाऊस, चिखल, प्रेतांचा ढीग. तिला सगळ्यांबरोबर रॉकेल ओतून जाळलं. त्या सालापासून वडील थंडीतसुद्धा शेकोटीजवळ बसत नाहीत.

ओळी नीट बसल्या. काढायचं राहून गेलं, अन् लिंक सरांना गेली.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मोबाइलवर तेच पान उघडं होतं.

"कुणी लिहिलं हे?"

"डमी हाय सर. काढतो."

"काढतो काय? पालक असलंच वाचतात रे. हेडमास्तरचा मुलगा मास्तर झाला, यात काय वाचायचंय?"

त्यांना ते स्वतःच्या नावावर हवं होतं. माझं आजोळ निलंग्याकडचं, भूकंपाच्या पट्ट्यातलंच, कोण विचारायला येतंय, म्हणाले. बहिणीचं नाव फक्त बदल, सुकन्या कर. मी म्हणालो, सर, ती माझी बहीण हाय. तर म्हणाले, माहितेय, पण तुझ्याजवळ ठेवून तिचं काय होणार? इथं हजारो पोरं वाचतील.

माझ्याजवळ तिचा फोटोसुद्धा नाही. मयतांच्या यादीत तिचं नाव चुकून रुक्मिणी पडलंय. मी मान हलवली. काहीच वाटलं नाही. बटणाचा रंग बदल म्हणाले असते तर अशीच हलवली असती.

सर पुढं वाचत गेले.

"आणि हे पुरायचं-बिरायचं काढ. आमच्यात जाळतातच."

"ते काढलं तर काय राहिलं, सर?"

"बहीण गेली ना? तेवढं बस झालं की."

मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर सगळा मजकूर पुसला. ओळ नाही, सगळा. सर चिडले नाहीत. हसून म्हणाले, "मन्मथ, मी कॉपी करून ठेवलाय तो." काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

साइट चालू हाय. मी पाहिली. तिथं सुकन्या नावाची सात वर्षांची मुलगी भूकंपात जाते, आणि तिला जाळतात. एवढंच. शेकोटीची ओळही गेली. वाचून कुणाला काही खटकणार नाही, कारण खटकण्यासारखं त्यात काही नाहीच. त्यांच्यात जाळतातच.

वडलांनी फोनवर विचारलं, त्या मोठ्या क्लासचं काम झालं का. मी म्हणालो, गेलं. का गेलं, ते त्यांनी विचारलं नाही.